माइककाकांची साक्ष

येत्या रविवारी माइककाका साक्ष देणार, ही बातमी चर्चच्या सगळ्या मंडळीत पसरली तेव्हा बऱ्याच जणांना आधी ते खरंच वाटलं नाही. उपासनेत उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, याला साक्ष म्हणतात, आणि काकांनी अशा साक्षी शेकडो ऐकल्या होत्या, पण दिली एकही नव्हती. मंडळीचा माइक सांभाळायचे म्हणून ते माइककाका, आणि त्यांची जागा प्रार्थनामंदिराच्या अगदी मागं, खांबाशेजारच्या टेबलापाशी. टेबलावर मिक्सर, खाली अँप्लिफायर, आणि पायाशी वायरींचा गुंता. हा गुंता त्यांच्याखेरीज कुणाला कळत नसे आणि कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. स्वतः मात्र भाजीवाल्याशीही खालच्या आवाजात बोलत.

पण ही साक्ष वेगळी होती. काका प्रभूनं काय केलं ते सांगणार नव्हते, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका नर्सनं त्यांच्या बायकोला कसं मारलं, ते सांगणार होते. उपासना संपली की काकांना पुढं घालून सगळे दवाखान्यावर जाणार आणि तिला कामावरून काढल्याशिवाय हलणार नाहीत, असं ठरलं होतं. तिथून तिच्या घरी जायचं, असंही काही तरण्या पोरांच्या मनात होतं. तिच्या स्वयंपाकघराची काच आधीच फुटली होती. दगड कुणी मारला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते काकू गेल्या त्या दुपारपासून. काकूंना दम लागला म्हणून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवसांत तब्येत सुधारली, उद्या घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले, आणि काकूंनी लगेच काकांना सांगून टाकलं की येताना माझ्या चपला आणा, त्या दुसऱ्या नको, रोजच्या. दुपारी नर्सनं पडदा ओढला आणि काकांना बाहेर बाकड्यावर बसवलं. आतल्या मॉनिटरची टिकटिक एका लयीत चालू होती. काकांना त्या आवाजाचा मोठा आधार वाटत होता. मग लय बिघडली, अलार्म कर्कश वाजायला लागला, नर्स धावत पडद्याआड गेली. आणि एकदम सगळं शांत झालं.

ती शांतता काकांच्या कानात घर करून बसली. थोड्या वेळानं आणखी माणसं धावली, डॉक्टर आले आणि बाहेर येऊन म्हणाले की हृदय बंद पडलं. का पडलं, असं काकांनी विचारलं. डॉक्टर चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "कधी कधी होतं असं. कारण सापडतंच असं नाही."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं रडून घेतलं असतं. पण ते सांगितलं माइककाकांना. स्पीकरमधून घरघर येते तेव्हा काका एकेक वायर काढत जातात, आणि ज्या वायरीला घरघर थांबते तिथं दोष असतो. उंदरानं कुरतडलेली वायर असो, नाहीतर शेजारच्या फ्रिजची मोटर, त्यांना कारण सापडलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या धंद्यात काहीही उगीच होत नसे. मग त्यांची बायको उगीच कशी मरेल?

चार दिवस लोक आले, डबे आले, प्रार्थना झाल्या. मग जो तो आपल्या कामाला लागला. येत राहिला तो एकटा मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ, लाकडी फर्निचरचं दुकान होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा राग येईल. रोज संध्याकाळी यायचा, स्वतःच्या हातानं चहा करायचा, बहिणीचा फोटो पुसायचा आणि हुंदके देऊन रडायचा. बाकी कुणी रडायला बसलं नाही, तो बसला. काकांनी दार उघडलं ते या रडण्याला. त्यामागून बाकीचं सगळं आत आलं.

मेहुण्याचा फोनवर एक गट होता, 'पहारेकरी' नावाचा. शेवटचा काळ जवळ आला असून दुष्टाची, म्हणजे सैतानाची, माणसं सगळीकडं पेरलेली आहेत, हे तिथं रोज नव्यानं सिद्ध व्हायचं. रस्त्यावरचे दिवे पिवळ्याचे पांढरे का झाले, मिठाची चव का बदलली, ढग कुणाच्या हुकमानं येतात, सगळ्याला उत्तर तयार. मिठाचं ऐकून काका बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसले होते. पण दवाखान्यांचं ऐकलं तेव्हा हसले नाहीत. जे जास्त प्रार्थना करतात त्यांना दवाखान्यात हळूच संपवायचं, असा वरून हुकूम आहे म्हणे. काकू तर पहाटे उठून गल्लीतल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन प्रार्थना करत.

मग काकांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. अलार्म वाजत होता, नर्स आत गेली, आणि आवाज बंद झाला, एवढंच सांगितलं. मेहुण्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"भाऊजी, तुमचे कान कधी चुकलेत?"

नव्हते चुकले. काकांचे कान म्हणजे मंडळीतला शेवटचा शब्द. आणि काकांच्या लेखी जे वाजत नाही ते बंद असतं. तिनं यंत्र बंद केलं होतं. त्या रात्री त्यांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मला त्यात काही नवल वाटत नाही. 'असंच होतं कधी कधी' या वाक्याला टेकता येत नाही. 'तिनं मारलं' याला पाठ लावून बसता येतं. शिवाय काकू आता नुसत्या दम लागून गेलेल्या बाई राहिल्या नव्हत्या. कुणाच्या तरी मोठ्या कटाच्या आड येण्याइतकी त्यांची प्रार्थना मोठी ठरली होती. नवऱ्याला याहून गोड दुसरं काय वाटणार?

नर्स त्यांच्याच मंडळीतली. सगळे तिला सिस्टर म्हणत. गायकांच्या रांगेत उभी राहायची, पण कुजबुज वाढली तशी 'थोडे दिवस विश्रांती घे' असं तिला सुचवण्यात आलं. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर, काकांच्या टेबलाला लागून बसायची. उशिरा यायची, आशीर्वाद होताच निघून जायची. एकदा फाटकाशी तिनं काकांना गाठलं आणि म्हणाली, "काका, मी अलार्मचा आवाज बंद केला होता, यंत्र नाही." काकांनी मान फिरवली. किती तयार उत्तर आहे, असं त्यांना वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत ते उत्तरही पुरावा झालं. ती गप्प राहिली असती तर गप्प राहणं हा पुरावा झाला असता. संशयाचं पोट असंच असतं, त्याला काहीही पचतं.

मंडळीचे पाळकसाहेब एकदा येऊन गेले. भला माणूस, पण भांडणाचं नाव काढलं की त्यांना खोकला येई. काकांनी त्यांना सरळ विचारलं, की आपण न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणारी माणसं, मग हे न दिसणारं तेवढं खोटं कसं? पाळकांनी चहा खाली ठेवला. "भाऊ, मी ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्यानं मला शेजारणीची भीती बाळगायला कधी सांगितलं नाही. आणि खोटी साक्ष देऊ नको, हे मात्र सांगितलंय." काका म्हणाले, माझी साक्ष खोटी नाही, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यावर पाळकांना खोकला आला. अर्धी मंडळी मेहुण्याच्या मागं होती. काकांच्या साक्षीला पाळकांनी होय म्हटलं, आणि जाताना जिन्यात बराच वेळ थांबून राहिले.

रविवारी मंदिर गच्च भरलं. एरवी सणावारी तेवढे उगवणारे चेहरेही पहिल्या रांगांत होते. पहारेकरी मंडळी दाराजवळ उभी होती. सिस्टर आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाकावरचे दोघे उठून दुसरीकडं गेले. तिनं मांडीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. काका टेबलापाशी होते, तिच्यापासून हातभर अंतरावर, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. मधल्या बाकावर काकूंची जागा रिकामी होती. आवाज फार चढला की काकू तिथून कानाला हात लावायच्या आणि काका खाली करायचे. आज खूण करायला कुणी नव्हतं.

गीत संपलं. पाळकांनी काकांना पुढं बोलावलं. काका उठले आणि मधल्या वाटेनं चालत गेले. सगळ्या माना त्यांच्याबरोबर फिरत होत्या. माइकपाशी पोचून त्यांनी स्टँड आपल्या उंचीला आणला, घसा साफ केला आणि म्हणाले, "माझी बायको..."

स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्यांनी माइकवर टिचकी मारली. काही नाही.

मेहुणा ताडकन उभा राहिला. "बघा," तो म्हणाला, आणि त्याला माइकची गरज नव्हती. "बघा, इतका वेळ चालू होता. साक्ष सुरू झाली आणि बंद पडला. कोण बसलंय त्या टेबलाजवळ?"

सगळं मंदिर वळलं. दारातली पोरं शेवटच्या बाकाकडं सरकली. एकानं सिस्टरची वाट अडवली, दुसऱ्यानं तिच्या हातातली पिशवी ओढली. ती उभी राहिली आणि खांबाला पाठ लावून थांबली. मी हात लावला नाही, असं ती म्हणत होती, पण तिचे ओठ हलताना दिसत होते इतकंच. पाळक हात वर करून काहीतरी सांगत होते, ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

काकांना पुढून मिक्सर दिसत होता. त्यावर एक लाल दिवा लागला होता, म्यूटचा.

कुणी माइककडं चालायला लागलं की काका म्यूटचं बटण दाबत. स्टँड हलवल्याचा धडधडाट लोकांच्या कानात जाऊ नये, म्हणून ही सवय. माणूस नीट उभा राहिला की बटण सोडत. इतक्या वर्षांत अंगठ्याला ते सांगावं लागत नसे. आज चालणारा माणूस तेच होते. उठता उठता अंगठ्यानं आपलं काम केलं होतं आणि बटण सोडायला मागं कुणी उरलं नव्हतं. माइक जिवंत होता, मिक्सर चालू होता. आवाज तेवढा बंद होता.

 काका गप्प राहिले तर पुरावा पुरा होत होता. सगळे समोर होते, मेहुणा होता, पोरं होती, आणि काकूंच्या मरणाला कारण होतं. बोलले तर ते कारण जाणार होतं, आणि मग हातात काहीच उरणार नव्हतं. खांबाशी उभ्या त्या पोरीकडं त्यांनी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. ती रडत नव्हती. काकांकडंच बघत होती.

"तिला सोडा," काका म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग आयुष्यात कधी ओरडला नव्हता तो माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला. "सोडा तिला! आवाज मी बंद केलाय!"

आवाज फाटला, पण पोचला. पोरं थबकली.

"मी दाबलं बटण. सवयीनं. यंत्र चालू आहे, जाऊन बघा, लाल दिवा बघा." त्यांना धाप लागली. "तिनंही एवढंच केलं होतं. मला तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

 मग मेहुणा हळूहळू त्यांच्यापर्यंत आला. त्याचे डोळे भरले होते. "भाऊजी, तुम्हालाही गाठलं त्यांनी," तो म्हणाला. त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं, आणि त्याचंच काकांना जास्त वाईट वाटलं. तो वळला आणि दाराबाहेर पडला. बरेच जण त्याच्यामागं गेले. दवाखान्यावर मात्र कुणी गेलं नाही. ज्याला पुढं घालून जायचं तोच मागं राहिला होता.

पाळकांनी उरलेल्यांसाठी आशीर्वाद म्हटला. बाक रिकामे झाले. काका शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि तेव्हा कुठं त्यांना कळलं की काकू गेल्या. कुणी नेल्या नव्हत्या, मारल्या नव्हत्या, नुसत्या गेल्या होत्या. ते तोंडावर रुमाल धरून रडले, अगदी पहिल्या दिवशी रडावं तसं. सिस्टर पिशवीतलं सांडलेलं सामान गोळा करत होती. ते झाल्यावर ती निघून गेली नाही. थोडं अंतर ठेवून बाकावर बसली.

काकांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग त्या शांततेत तू काय करत होतीस?"

"ऐकत होते, काका. अलार्म इतका मोठा असतो की त्यात श्वास आहे की नाही ते कळत नाही. म्हणून तो बंद केला, आणि काकूंच्या छातीला कान लावला."

हे काकांना दोनदा सांगावं लागलं नाही. बारीक आवाज पकडायचा तर मोठा खाली करावा लागतो, हे ते रोज करत आले होते.

"आला ऐकू?"

"एकदा आला."

काकांनी रुमालाची घडी केली, उलगडली, परत घातली. मग त्यांनी जे विचारलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

"कसा होता?"

सिस्टरनं आठवून पाहिलं. "हळू होता," ती म्हणाली. "पण स्वच्छ होता, काका."