अनोळखी माणसाचं सुतक

प्रतीक्षाने शहरातल्या मेट्रोची गाडी पहिल्यांदा चालवली, तेव्हा डब्यांत एकही प्रवासी नव्हता. गाडीची चाचणी चालू होती, म्हणून आत माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती रचली होती. मार्गही अर्धवटच होता. पाच स्टेशनांपुढे नुसते खांब उभे होते, डोक्यावर उघड्या सळया घेऊन. इकडे जळगाव जामोदच्या बाजारात तिचे वडील इंद्रभान भाजीच्या दुकानावर बसून सांगत, "आमची पोरगी सध्या पोते पोहोचवून राह्यली. माणसं मंग." सगळे हसत, आणि इंद्रभान सगळ्यांत मोठ्याने.

पुढे मार्ग वाढला, माणसं आली. गाडी बहुतेक आपोआपच चाले. प्रतीक्षाच्या हाती दरवाजे आणि आणीबाणीचा ब्रेक. चौथ्या वर्षी, श्रावणात, गाडी फलाटात शिरत असताना एक माणूस फलाटाच्या कडेवरून खाली रुळांवर उतरला. त्याने मान वर करून समोर पाहिलं. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण त्याला ओलांडून.

चौकशीत तिचा दोष निघाला नाही. रजा मिळाली. गावी घरी आल्यावर तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि स्वयंपाकघराबाहेर जमिनीवर बसली. देवाजवळ जाईना, गोडाला हात लावीना.

"काऊन वं, तिथं काऊन बसली?" आईने, सोजराबाईने, विचारलं.

"सुतक आहे मले."

इंद्रभान भडकले. "कोण लागे तो तुले? मामा का काका? जात माहीत नाही, गाव माहीत नाही. लोकं काय म्हणतीन?"

"शेवटचं त्यानं मलेच पाह्यलं, बाबा."

यावर इंद्रभान उठून दुकानावर निघून गेले.

दहाव्या दिवशी सोजराबाई तिला घेऊन पूर्णा नदीवर गेली. पाणी सोडताना नाव घ्यावं लागतं. प्रतीक्षाने ऑफिसात फोन करून विचारलं होतं, पण नाव सांगायचं नाही असा तिथला नियम. ओंजळ भरून ती तशीच उभी राहिली.

"म्हण," सोजराबाई म्हणाली, "ज्या माउलीचा असशीन, तिच्या नावानं."

ती कामावर परतली, पण चालकाच्या केबिनमध्ये पाऊल पडेना. दार उघडून ती तिथेच थिजायची. मागे गाड्या खोळंबायच्या. शेवटी वरिष्ठ बाई, सारिका मॅडम, तिला जवळ बसवून म्हणाल्या, "नव्या मार्गावर जा. तिथे फलाटांना काचेचे दरवाजे आहेत. रुळांवर कोणी येऊच शकत नाही."

"जुन्या मार्गावर कधी बसवणार?"

"तो आधी बांधला ना, प्रतीक्षा. आता बसवायचे म्हणजे खर्च फार. विचार चालू आहे."

"मग मला जुन्या मार्गावर फलाटाची ड्यूटी द्या."

"पगार उतरेल. आणि केबिन पुन्हा मिळायची नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

इंद्रभान आता बाजारात मेट्रोचा विषय निघाला की कोथिंबिरीवर पाणी मारू लागतात. पोरगी बघायला आलेल्यांना "मेट्रोत आहे" एवढंच सांगतात. कोणी पुढे विचारलं, तर सोजराबाई चहा आणते.

गाडी जिथून शिरते, फलाटाच्या त्या टोकाला प्रतीक्षा शिट्टी घेऊन उभी असते. लोक वैतागतात.

"अहो मॅडम, आम्ही काय आंधळे आहोत?" कानाला मोबाइल लावलेला एक माणूस परवाच खेकसला.

"मागे व्हा, दादा," ती म्हणाली, आणि तो मागे सरेपर्यंत त्याच्या तोंडावरची नजर तिने काढली नाही.