डाव्या बुटातली फट

मीनल गेल्याचं मला काकांनी फोनवर सांगितलं. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, ऑफिसच्या कार पार्कात मी नुकतीच गाडी लावली होती. काका आयुष्यभर हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांनी वेळ सांगितली, त्रास झाला नाही म्हणाले... एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं. मग विचारलं, "सुधीर, नाश्ता केलास का रे?" त्याला आता सहा आठवडे झाले.

मी सांगोल्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. एमएससीला इथे आलो तेव्हा काका-काकूंनी मला वरची खोली दिली, आणि त्यांच्या मुलीनं, मीनलनं, बाकी सगळं शिकवलं. इंटरव्ह्यूत मान खाली घालून बोलायचं नाही हे तिनं शिकवलं, आणि इथल्या छपराखालच्या, मशीननं केलेल्या बर्फाच्या उतारावर हात धरून स्कीइंगही तिनंच शिकवलं. ती इथेच जन्मलेली, शाळेत भूगोल शिकवायची. मराठी हौसेनं बोलायची, पण तिच्या मराठीत बूट कधी 'ती' असायचा, कधी 'ते'. तिला लिफ्टनं वर जाणं आवडायचं नाही. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून स्कॉटलंडचे डोंगर आपल्या पायांनी चढायचे आणि मग उतरायचं, हे तिचं सुख.

तिचे नवे बूट घ्यायला मी बरोबर गेलो होतो. असे बूट चढताना घोट्यात मोकळे हवेत, आणि वर पोचून मागची खटकी दाबली की नडगी आणि बूट एक झाले पाहिजेत. हलके बूट चढायला छान, पण उतरताना मऊ पडतात. ती थोडे जड, चार बकलांचे घेत होती. मी आपलं सुचवलं, "एक नंबर मोठा घे." आमच्याकडे शाळेचे बूट तसेच घेतात, दोन वर्षं पुरावेत म्हणून. मीनल दुकानातच हसत सुटली. "अरे, थर्टी-फोरची आहे मी! आता काय ग्रो होणारेत माझे पाय?" दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तर, काढलं, तिचा पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात ठेवला आणि टाचेमागे दोन बोटं घातली. जेमतेम मावली. हाच नंबर, म्हणाला. मग लायनर तापवून तिच्या पायावर बसवलं.

त्या हिवाळ्यात स्कॉटलंडहून परत आली ती तक्रार घेऊनच. "उतरताना डावी बूट माझं ऐकत नाही. वळताना घोटा पुढे कोसळते." मी इंजिनिअर. तिच्या इतक्या उपकारांनंतर पहिल्यांदाच तिला माझ्याकडून काही हवं होतं. मी कामाला लागलो. डाव्या पोटरीमागे फट दिसली, तिथे फोमची पट्टी भरली. फरक पडला. महिन्याभरानं पुन्हा फट. नवं लायनर वापरानं दबतं हे मी वाचलं होतं, तेच तिला सांगितलं. आणखी पट्ट्या भरत गेलो, वरचा पट्टा रुंद बसवला, पुढची जीभ कडक घातली, कवचाचा कल बदलला. दर वेळी ती उतारावरून खाली येऊन ओरडायची, "जीनियस आहेस तू!" आणि मी दिवसभर खूश असायचो. फक्त डावंच लायनर का दबतंय, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही.

ते विचारलं काकूंनी. काकू जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. एका रविवारी मीनल अनवाणी, डावा पाय जरा ओढत चहाचे कप घेऊन आली, आणि काकूंनी हातातली पोळी तशीच ठेवून गॅस बंद केला. "मीनल, चवड्यांवर उभी राहा बघू." उजवी टाच उचलली गेली. डावी जमिनीवरच राहिली. "अगं आई, ती जरा लेझी आहे," मीनल म्हणाली. काकूंनी खाली बसून तिची डावी पोटरी दाबून पाहिली.

मोटर न्यूरॉनचा आजार. त्यात स्नायू हलवणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात. फट लायनरमध्ये नव्हती, पोटरी झिजत होती, आणि मी ती फोमनं भरत होतो. मी स्पेशालिस्टना विचारलंच, आम्ही तो हिवाळा वाया घालवला नसता तर? ते सरळ म्हणाले, काही फरक पडला नसता. त्या वाक्यानं माझ्यावरचा दोष गेला... आणि कधीकाळी मी काही करू शकलो असतो, हेही गेलं. दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर घरात असून आम्ही नुसते बघत राहिलो.

मधले काही महिने बूट मात्र कामी आले. ती म्हणायची, "घाल रे." मी बकलं आवळायचो, खटकी दाबायचो, आणि ती किचनच्या ओट्याला धरून उभी राहायची. बूटच तिला उभं धरायचे. "बघ, अजून खाली आले नाहीये मी." पुढे मांड्यांतलंही बळ गेलं, आणि ती बूट घाल म्हणेनाशी झाली.

जायच्या आधी, बोलणं बंद झाल्यावर, तिनं पाटीवरच्या अक्षरांकडे नजरेनं खुणावत मला सांगून ठेवलं होतं, बूट कुणाला तरी देऊन टाक. म्हणून गेल्या शनिवारी स्क्रू फिरवायची किल्ली घेऊन बसलो. डावा बूट उजव्यासारखा केला. पट्ट्या निघाल्या, एकापाठोपाठ पाच. जीभ बदलली, कल मूळच्या जागी आणला. काकू शेजारी येऊन बसल्या. मी म्हटलं, "आता फक्त लायनर. दुकानात तापवतात, मग नव्या माणसाच्या पायाचा आकार घेतं." काकूंनी डाव्या लायनरमध्ये हात घातला. पाचही बोटांच्या जागा चाचपत राहिल्या.

"तापवल्यावर आधीचा आकार जातो?"

"जातो, काकू."

"मग आज नको."

बूट पुन्हा जिन्याखाली ठेवले. रिकामे बूट उघडे टाकले तर कवच फाकतं, असं मीनलनंच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. म्हणून दोन्ही बुटांची बकलं पहिल्या खाचेत अडकवली, आवळली नाहीत. काल पुन्हा काका-काकूंकडे गेलो, तेव्हा एक बकल सुटलं होतं. तेही लावून आलो.