खुणेचा रकाना

हेमलता जाधवचं पत्त्यांशी जे जमलं, ते भल्याभल्यांना जमलं नव्हतं. नेऱ्याची सून, कॉमर्स बाहेरून केलेलं, आणि दहा वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका ऑनलाइन दुकानाच्या गोदामात पत्ते टाइप करायला लागलेली. दुकान आरोग्याच्या वस्तूंचं: रक्तदाब मोजायची यंत्रं, गुडघ्याचे पट्टे, कमोडच्या खुर्च्या, असलं. शहरातून आलेली पोरं 'मु. पो. नेरे, ता. मुळशी' एवढाच पत्ता बघून कपाळाला हात लावायची. हेमलता फोन लावायची, "कुणाच्या शेजारी? कुणाच्या विहिरीपुढं?" असं विचारायची आणि मिळालेली खूण पत्त्यात घालायची. पार्सल बिनचूक पोचायचं. त्या खुणांच्या जोरावर ती गोदामातून ऑफिसात आली, टायपिंगवरून डेटाबेसवर आली. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, तिनं मुलाच्या पाचवीच्या अभ्यासाशेजारी बसून शिकून घेतलं.

यंदाचं काम मात्र तिच्या आजवरच्या सगळ्या कामांत मोठं होतं. आतापर्यंत दुकानातल्या ऑर्डरींची दिवसातून एकदा नक्कल निघायची आणि सगळे अहवाल त्या नकलेवर चालायचे. सकाळी रद्द झालेली ऑर्डर गावोगावच्या पार्सल केंद्रांना दुसऱ्या दिवशी कळायची, तोवर गाडी जाऊन परत आलेली असायची. आता नक्कल बंद होणार होती. दुकानाचा चालू डेटा डेटा व्हर्च्युअलायझेशनच्या प्लॅटफॉर्मला जोडायचा होता. यात डेटा जागचा हलत नाही; केंद्रावरच्या माणसानं विचारलं की प्लॅटफॉर्म त्या क्षणी दुकानात डोकावतो आणि उत्तर आणून देतो. हेमलता त्याला सरळ खिडकी म्हणायची.

खिडकीतून काय दिसावं आणि काय झाकावं, यावर तिचं आणि टीमचा प्रमुख कौस्तुभ याचं वाजलं होतं. कौस्तुभ तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पुण्यात वाढलेला, बोलायला मऊ. नाव, फोन, घर नंबर झाकायचं दोघांना मान्य होतं. वस्तू दाखवायची हेही ठरलं, कारण कमोडची खुर्ची दुचाकीवर जात नाही, हे केंद्राला आधी कळायला हवं. कौस्तुभ म्हणाला, "जवळची खूणही झाकू या. पत्त्यातलं काहीच नको."

"सर, मुळशीत खूण झाकली तर पार्सल कुठल्या वाडीच्या गाडीत टाकायचं ते कळणार कसं?" हेमलता म्हणाली. "खूण म्हणजे देऊळ, विहीर, पिठाची गिरणी. त्यात कुणाचं काय जातंय?"

तिनं हट्टानं खुणेचा रकाना उघडा ठेवायला लावला आणि घरी जाऊन सासऱ्यांना ऐटीत सांगितलंसुद्धा, की आज साहेबाला हरवून आले.

सासरे म्हणजे कोंडिबा पैलवान. वय बहात्तर, पण रोज सकाळी तालमीपुढच्या बाकावर बसून पोरांना डाव सांगायचे, आणि पोरंही त्यांच्यापुढं मान खाली घालून उभी राहायची. दीड वर्षापूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि लघवीवरचा ताबा गेला. एकदा बाकावरच धोतर ओलं झालं. कुणी बघितलं नव्हतं, तरी ते चार महिने उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, डायपर वापरा. गावातल्या मेडिकलमधून आणणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिण्यासारखंच होतं. शेवटी हेमलतानं स्वतःच्या दुकानातून, स्वतःच्या नावावर मागवायला सुरुवात केली. खोकं बंद यायचं. नेऱ्याचं केंद्र कोंडिबांचा पुतण्या शेखर त्याच्या गाळ्यात चालवायचा. घरी जाताना ती तिथून खोकं उचलायची आणि 'ऑफिसचं सामान' म्हणायची. हे तिघांना ठाऊक होतं: ती, कोंडिबा आणि सासू रत्नाबाई. नवरा चाकणला नोकरीला, आठवड्यानं घरी यायचा, त्यालाही सांगितलं नव्हतं. कोंडिबा पुन्हा बाकावर बसायला लागले.

सोमवारी सकाळी दहाला हेमलतानं जोडणी चालू केली. अकराला सगळ्या केंद्रांना व्हिडिओ कॉलवर खिडकी दाखवायची होती. तिनं नेऱ्याच्या ओळी मागवल्या. दोन सेकंदांत आल्या. नाव फुल्या, फोन फुल्या, घर नंबर फुल्या. तिला बरं वाटलं. मग तिनं तिसरी ओळ वाचली.

वस्तू: प्रौढांचे डायपर, लार्ज, तीस नग. जवळची खूण: कोंडिबा पैलवान यांचे घर, तालमीमागे.

तिनंच लिहिलेली खूण होती. शनिवारची ऑर्डर. तिचं स्वतःचं नाव झाकलेलं होतं, अगदी नीट, आणि ज्यांचं झाकायला हवं होतं ते ठळक अक्षरांत वर आलं होतं. खोक्यावर पत्ता असायचा, पण वस्तूचं नाव नसायचं. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी तिनं आणून बसवल्या होत्या.

हेमलतानं आणखी ओळी काढल्या. 'ग्रामसेवकांच्या मागची खोली, नर्सबाई.' 'गिरणीवाल्यांची परत आलेली लेक.' पुढं काय मागवलं ते तिनं वाचलं आणि डोळे मिटले. गावात खूण म्हणजे देऊळ नसतंच, माणूस असतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनंच भांडून तो रकाना उघडा ठेवला होता.

चार मिनिटांत तिनं रकाना झाकला. मग दहापासून तोवर खिडकी कुणी उघडली, त्याची नोंद काढली. सगळ्या गावांच्या ओळी सगळ्याच केंद्रांना दिसत होत्या, आणि नोंदीत दोन नावं होती. नेरे, दहा वाजून बारा मिनिटं. कासारसाई, दहा वाजून वीस. नेऱ्याचा शेखर म्हणजे तोंडात तीळ न भिजणारा माणूस. कासारसाईचं केंद्र वेदांत बघायचा, आणि वेदांतचे वडील कोंडिबांच्याच हाताखाली कुस्ती शिकलेले. दोघांनी ती ओळ वाचली की नुसतीच वरवर नजर टाकली, हे कुठलंच यंत्र सांगत नव्हतं.

अकराला कॉल सुरू झाला. सहा केंद्रांचे सहा चेहरे. महाळुंग्याच्या माणसानं लगेच विचारलं, "सर, खुणा दिसत नाहीत. मग फायदा काय?"

कौस्तुभनं हेमलताकडं बघितलं. "ताई, तुम्हीच भांडला होतात ना त्यासाठी?"

"चुकलं माझं," हेमलता म्हणाली. "खुणेवरून माणूस ओळखू येतो. नुसतं वाडीचं नाव दाखवू, पुढची खूण गाडीवाल्यालाच, वाडीत पोचल्यावर."

"एखादं उदाहरण द्या, म्हणजे वरच्यांना पटवता येईल."

समोर चाळीस ओळी होत्या. तिनं एकेक डोळ्यांखालून घातली. प्रत्येक ओळीत कुणीतरी होतं. एक वाचून दाखवली असती तर काम झालं असतं, आणि त्या माणसाचंही झालं असतं.

"उदाहरण देणार नाही, सर."

"असं कसं? कारण तर लागेल."

तेवढ्यात कॉलवरून शेखरचा आवाज आला. "सर, वहिनी म्हनत्यात ते बराबर हाय. झाकाच ते."

कौस्तुभ म्हणाला, "बघा, केंद्रवालेच म्हणतायत. मग झाकू." बैठक जिंकली होती. हेमलताला मात्र खुर्चीतून उठवेना. शेखरनं आजवर कधी कुणाला शहाणपणाचा पाठिंबा दिला नव्हता. त्यानं ती ओळ वाचली होती.

दिवसभर तिनं चार वेळा घरी फोन केला आणि चारही वेळा भाजीचं काहीतरी विचारून ठेवून दिला. संध्याकाळी गाळ्यात गेली तर कुलूप. घरी आली तर खोकं आधीच ओट्यावर.

"शेखर आलता," रत्नाबाई हळूच म्हणाल्या. "म्हनला, वहिनीला कशाला वज्जं, मीच आणत जाईन. आन ह्यांच्या खांद्यावर हात ठिवून म्हनला, आण्णा, लाज कसली, वयानं व्हतंय. माझ्या सासऱ्यालाबी हाय."

कोंडिबा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. शेखरनं शिवी दिली असती तर त्यांनी दोन परत दिल्या असत्या. त्याच्या मायेला काय करायचं ते त्यांना कळेना.

"आण्णा, माझ्यामुळं झालं," हेमलता दारातून म्हणाली.

मंगळवारी ते तालमीत गेले नाहीत. बुधवारीही नाही. तालमीतली दोन पोरं विचारायला आली, तेव्हा रत्नाबाईंनी ताप आलाय म्हणून सांगितलं. हेमलताला ते मागचे चार महिने आठवले: ताटातलं अर्धं तसंच राहायचं, दाढी वाढलेली, आणि कुणी हाक मारली की पांघरूण डोक्यावरून ओढलेलं. तेव्हा ते कसेबसे परत आले होते. या वेळी येतील याची तिला खात्री वाटेना. ऑफिसात तिच्या नावाचं कौतुकाचं पत्र फिरलं, आणि ते वाचताना तिला रडू फुटलं.

गुरुवारी सकाळी ती डबा भरत होती. कोंडिबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"हेमा, त्या तुज्या खिडकीतनं किती जणांनी वाचलं?"

तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. तिनं आयुष्यात या माणसाला खोटं सांगितलं नव्हतं.

"एकानं, आण्णा. शेखर भावजींनी."

"नक्की?"

"यादी हाय माझ्याकडं. एकच नाव हाय."

कोंडिबा म्हणाले, "एक गडी सांभाळता येतोय. लांबनं भ्यालो तर तो अंगावर येनार, चिकटून ऱ्हायलं तर त्याला हालता येत न्हाई." त्यांनी खुंटीवरची पैरण काढली. "आजपास्नं शेखऱ्याच्या गाळ्यात बसतो. त्यो उघडंल तवा उघडायचं, त्यो लावंल तवा लावायचं. बघू माझ्यासमोर कुणाला काय सांगतोय ते."

"दिसभर?" रत्नाबाई म्हणाल्या. "आन बदलायचं कसं?"

"त्याच्या गाळ्यामागं मोरी हाय. पिशवीत दोन घाल."

रत्नाबाईंनी कापडी पिशवीत दोन घातले, वर पेपर ठेवला. कोंडिबा पायात वहाणा सरकवून अंगणाबाहेर पडले. चाल जरा फाकलेली होती, पण मान ताठ होती. वाटेत कुणीतरी राम राम केला, आणि त्यांनी खणखणीत आवाजात परत केला.

ते वळणाआड होईपर्यंत हेमलता दारात उभी राहिली. मग डबा पिशवीत टाकून तिनं स्कूटी काढली. फाट्यावर डावीकडं हिंजवडी होती, ऑफिसला वीस मिनिटं उरली होती. वेदांतला काय सांगायचं, ते तिला अजून सुचलेलं नव्हतं. तिनं गाडी कासारसाईच्या रस्त्याला घातली.