भूकंपाच्या वेळी घरात कोण होतं

ओल्या शेणमातीचा वास आला की अजूनही माझा मलाच वैताग येतो. उन्हाळ्यात एका रात्री झालेल्या भूकंपानंतर धक्क्याची तीव्रता नोंदवायला मी दुसरबीडजवळच्या एका गावात गेलो होतो. पारावरचे पुरुष म्हणाले, “काही नाही साहेब, बाज जराशी हालली.”

समोर शेणमातीनं भिंतीची भेग बुजवणारी बाई उसळली, “ह्यायले काय इचारता? हे अंगणात घोरून राह्यले होते! घरात मी होती. मडक्यायची अख्खी उतरंड अंगावर आली!”

“गप वं!” नवरा खेकसला.

मला परतायची घाई होती. मी ‘सौम्य’ लिहिलं. अशा नोंदींवरून बनलेल्या तीव्रतेच्या नकाशावर बोट ठेवून आज अधिकारी सांगतात, तिथल्या मातीच्या घरांना धोका नाही. अहो, आहे! जी घरात होती, तिचं मी ऐकलं, पण लिहिलं नाही.