विलासच्या कार्डावरचं पुस्तक

विलास गेल्याचं मला कळलं ते जतच्या एका संशोधक पोरीकडून. "सर, साताऱ्याचे सर गेले..." म्हणत ती माझ्याच टेबलासमोर रडायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मी गेल्यावर असं कोण रडणार आहे?

ग्रंथपालन आम्ही एकाच बाकावर शिकलो. मी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयात लागलो, तो साताऱ्याला विज्ञान महाविद्यालयात. ग्रंथालयांचा कायदा आहे तो सार्वजनिक वाचनालयांसाठी. आमच्यासारख्या कॉलेजांनी एकमेकांना पुस्तकं द्यावीत असं त्यात कुठं लिहिलेलं नाही, आणि हरवलं तर ग्रंथपालाच्या गळ्यात! म्हणून दुसऱ्या कॉलेजातलं पुस्तक मागायला आलेल्या पोरांना मी सरळ नाही म्हणायचो. विलास मात्र पुस्तक स्वतःच्या कार्डावर काढायचा, निळ्या पिशवीत घालायचा आणि सांगलीच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचा. "आरं गड्या, कायदा व्हईल तवा व्हईल, पोरांनी तवर काय करायचं?" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नियमानं वागायचं मी, आणि प्रबंधांच्या आभारात नाव त्याचं! नवा प्रबंध आला की मी आधी तेच पान उघडायचो...

त्यानं माझ्याकडं एकदाच पुस्तक मागितलं, त्याच्या कॉलेजातल्या एका बाईंसाठी. मी नियम ऐकवला. "बरं, ऱ्हाऊ दे," म्हणून तो हसला. त्या हसण्याचा मला जास्त राग आला.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या कार्डावर एक पुस्तक राहिलंय. ते जमा झाल्याशिवाय कॉलेज काही बाकी नसल्याचा दाखला देईना." पुस्तक त्या जतच्या पोरीकडं होतं. तिनं दोन दिवस बसून टिपणं उतरवली आणि मी ते साताऱ्याला पोचवलं. येताना वहिनींनी ती निळी पिशवी माझ्या हातात दिली.

परवा मी विलासनं त्या बाईंसाठी मागितलेलं पुस्तक माझ्या कार्डावर काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. स्टँडवर कंडक्टरनं पिशवी बघितली मात्र, "आवं, ही साताऱ्याच्या सरांची पिशवी न्हवं? द्या हिकडं!" माझं नावसुद्धा विचारलं नाही. मरूनही हा गडी माझ्या पुढंच!

रिकामी पिशवी काल परत आली. तिच्यावर माझं नाव घालावं म्हणून पेनही काढलं होतं... घातलं नाही. खुर्चीच्या पाठीला तशीच अडकवून ठेवली आहे.