अर्धलीच्या शेळ्या

माझ्या अम्मीने आयुष्यभर फळं विकली आणि आयुष्यभर तिची बचत डोंगरावर चरत राहिली. याचं मला अजिबात कौतुक नव्हतं. उलट राग होता, आणि राग आला की मी तो पोटात ठेवत नाही.

पाटोद्याच्या बाजारात तिची हातगाडी असायची. उन्हाळ्यात आंबे, मग पेरू, दिवाळीच्या आगेमागे सीताफळं. सीताफळं आणून द्यायची ती डोंगराकडच्या वस्तीवरची एक धनगरीण. अम्मी तिला अक्का म्हणायची, ती अम्मीला भाभी. सीताफळाचा हंगाम संपला, उधाऱ्या वसूल झाल्या, की अम्मी नफ्यातून एखादी शेळी घ्यायची आणि अक्काकडे अर्धलीनं सोडायची. म्हणजे शेळी अम्मीची, राखण अक्काची, आणि होणारी पिल्लं दोघींची निम्मी निम्मी. ओळख पटावी म्हणून अम्मीच्या जनावरांच्या डाव्या कानाला एक छोटा काप दिलेला. कागद नाही, पावती नाही, साक्षीदार नाही.

मी शिलाईकाम करते. माझा हिशेब वेगळा. ब्लाऊजचे पैसे हातात आले की आधी पोस्टाचा हप्ता, मग दोऱ्या-अस्तराचा खर्च, उरेल त्यात घर. दुकानात येणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगते. उरलेल्यातून बचत करीन म्हणाल तर काहीच उरत नाही, आधी बाजूला काढा आणि मग खर्चाला लागा. अम्मीला हे पटत होतं. तिचंही तेच होतं म्हणा. उद्याच्या मालाचे पैसे ती वेगळ्या पिशवीत बांधायची आणि घरात चहापत्ती नसली तरी त्या पिशवीला हात लावायची नाही. फक्त पोस्टाचं नाव काढलं की ती हसायची.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण मजकूर हाच. ती म्हणायची, "पैसा घरात ठेवला की त्याला पाय फुटतात. म्हणून मी आधीच त्याला चार पाय दिले."

"आणि ते चार पाय कुठे गेले, हे तुला कोण सांगणार?"

"अक्का सांगते ना."

अक्का सांगायची, ते असं. एक व्यायली. दोन पाठी, म्हणजे माद्या पिल्लं, झाल्या. एक आजारानं गेली. आणि दर वर्षी एखादी बिबट्याने नेली. मी एकदा भर बाजारात अक्काला ऐकू जाईल असं म्हणाले होते, की बिबट्याला अंधारात कानाचा काप बरा दिसतो, बरोबर आमचीच शेळी उचलतो. अक्काने सीताफळांची पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि फळं गाडीवर मांडू लागली. अम्मी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

अम्मीची एकच हौस होती. ती ज्या खोलीत नवरी म्हणून आली, जिथे आम्ही बहिणी जन्मलो, जिथून अब्बांचा जनाजा निघाला, ती खोली भाड्याची होती. ती आपल्या नावावर व्हावी आणि जावयाच्या दारात जाऊन पडायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. मागच्या वर्षी घरमालक वारले. मुलाने सगळी चाळ विकायला काढली आणि भाडेकरूंना सांगितलं, "बकरी ईदपर्यंत पैसे द्या, खोली तुमच्या नावावर करून देतो. नंतर बाहेरचं गिऱ्हाईक तयार आहे." माणूस सरळ होता, भावही रास्त होता.

आम्ही दोघी बसून आकडेमोड केली. माझी पोस्टातली रक्कम, तिच्या कानातलं सोनं, आणि डोंगरावरची जनावरं. ईदच्या तोंडावर बोकडांना भाव असतो. बोकड आणि शेळ्या, सगळं विकलं तरच बेरीज जुळत होती. नुसत्या बोकडांवर नाही.

"जनावरं असतील तर," मी म्हणाले.

"चल, बघून घे," अम्मी म्हणाली.

अम्मीने अक्काला फोनवर खोलीचं कळवलं आणि आम्ही भाड्याची पिकअप घेऊन गेलो. मी अम्मीच्या शेळ्या त्याआधी कधी पाहिल्याच नव्हत्या. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. अक्काने बिबट्याचं नाव काढलं की काय बोलायचं, तेही ठरलं होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा अक्काचा नवरा बाजेवर पडलेला दिसला. पूर्वी बाजारात आला की त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीनेच अर्धी जागा भरायची. आता तो त्याच घोंगडीत हरवला होता. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, थंडीच्या दिवसांत. आम्हाला पत्ता नव्हता. त्या दिवसांत अक्काचा आवाज फोनवर दोन-चारदा ऐकला होता, पण तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

अक्का उठली आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण बाजूला सारून आम्हाला आत घेऊन गेली. आत शेळ्या होत्या. धष्टपुष्ट, चमकत्या अंगाच्या. बोकड तर असे, की पिकअपवाला मध्येच "लई भारी हाय" म्हणून गेला. मी एकेकीचा डावा कान बघत गेले. पहिलीला काप. दुसरीला काप. पुढे पुढे मी कुंपणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. काप नाही असा एकही कान मला सापडला नाही.

मी विचारलं, "अक्का, या सगळ्या आमच्या? तुमच्या चरायला गेल्यात का?"

"आमच्या दवाखान्यात गेल्या," अक्का म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथेच काट्यांजवळ उभी राहिले. नवरा जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात होता तेव्हा तिने एक एक करून आपल्या वाट्याच्या सगळ्या शेळ्या विकल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या जनावरं राखणारं घर, आणि त्या कुंपणात त्यांचं स्वतःचं एक करडूसुद्धा उरलं नव्हतं. त्यातही ती रोज आमच्या शेळ्यांना चारून, पाणी पाजून आणत होती. काप दिलेला कान आणखी कापून खूण मिटवायला कितीसा वेळ लागतो. एखादी आणखी बिबट्याने नेली म्हणाली असती, तर आम्ही काय करणार होतो? मला माझं बाजारातलं बोलणं आठवलं नाही असं झालं नाही, पण त्या क्षणी शरमेपेक्षा मोठं काहीतरी अंगावरून गेलं. एवढं मोठं मन मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, तो अजूनही हे लिहिताना येतो.

अम्मी म्हणाली, "अक्का, कावून नाही सांगितलं? यातल्या दोन-चार विकायच्या होत्या. मी नको म्हणाले असते का?"

"न्हाई म्हणल्या नसत्या, भाभी. म्हणून तर सांगितलं न्हाई." मग ती पिकअपकडे वळली. "फळी खाली घे बाबा. सगळ्याच न्यायच्यात. भाभीचं घर व्हायचंय."

बाजेवरून नवऱ्याने मान वळवून पाहिलं. कुंपणाकडे पाहिलं, आमच्याकडे नाही. अम्मीने ते पाहिलं.

तिने बोकड तेवढे वर चढवले. शेळ्यांपाशी आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"या राहू दे," ती म्हणाली. "यातल्या निम्म्या गाभण दिसतात. पिल्लं होतील ती निम्मी तुमची. पहिल्यासारखंच."

"आन् घराचं, भाभी?"

"भाड्याचं होतं, भाड्याचं राहील."

अक्का नको नको म्हणत होती, अम्मीचा हात धरत होती. मला मध्ये बोलायचं होतं. एवढी वर्षं ज्या खोलीसाठी ही बाई उन्हात उभी राहिली, ती खोली ती सहज सोडून देत होती, आणि बेरीज मला तोंडपाठ होती. मी तोंड उघडलं. पण बाजेवरचा माणूस कोपरावर उठून बसला होता, आणि जवळ आलेल्या एका गाभण शेळीच्या पाठीवर हात ठेवून होता. मी तोंड मिटलं आणि पिकअपची फळी लावायला गेले.

उतार उतरताना अम्मी पुढे बसली होती. मला वाटलं रडत असेल. ती बोकडांचा भाव मनात जुळवत होती.

पैसे कमी पडले. मी पोस्टातले सगळे काढायला तयार होते, ते धरूनही कमी पडले. घरमालकांच्या मुलाने आपला शब्द पाळला, ईदपर्यंत थांबला, आणि मग खोली बाहेरच्या गिऱ्हाइकाला गेली. अम्मी माझ्याकडे राहायला आली नाहीच. बाजाराच्या पलीकडे पत्र्याची एक खोली तिने भाड्याने घेतली. बोकडांच्या पैशांतून आगाऊ भाडं भरलं, आणि उरलेले, माझ्या आग्रहाखातर, पोस्टात टाकले.

सामान लावायला मी गेले होते. शेजारची बाई ओळख करून घ्यायला आली. तिच्या कानावर हकिगत आली होती. ती म्हणाली, "शेळ्या पण विकल्या असत्या तर तुमचं घर झालं असतं ना, चाची?"

अम्मी भांडी फळीवर मांडत होती. "झालं असतं की," ती म्हणाली. "पण मला त्यात झोप लागली नसती."