गल्ली गप्प बसली तेव्हा

पवनीतली ती गल्ली एका सकाळी गप्प बसली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. ठाणेदार म्हणून पवनीला बदली झाली तेव्हा वैतागलो होतो. गाव म्हणावं तर नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. बाजारातून क्वार्टरकडे निघालो की वाटेवरच्या गल्लीत ओट्यावर बसलेली एक म्हातारी रोज विचारायची, "साहेब, आज भाजी कोनती जी?" एकटीच राहायची. सुरुवातीला राग यायचा. तुला काय करायचंय बाई?

एके दिवशी त्याच गल्लीतला एक व्यापारी ठाण्यात आला. सून रात्रीपासून बेपत्ता. मिसिंग नोंदवली आणि मासेमार ढिवरांना सोबत घेऊन वैनगंगेत शोध सुरू केला. पोरगी नदीत गेली असेल, या भीतीनं जीव टांगणीला लागला होता. गल्लीत घरोघर विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "आमाले काई मालूम नाई जी."

माझ्या बदलीची बातमी ज्यांना माझ्याआधी कळायची, त्यांना शेजारची सून कुठं गेली ते माहीत नाही म्हणे.

आमचे हवालदार तिथलेच. हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी नदीत गेली असती तं सारा गाव घाटावर जमला असता. एक बाई तरी दिसून राह्यली का तुमाले?"

खरंच, घाटावर आम्ही आणि ढीवर सोडून कुणी नव्हतं. म्हणजे ती जिवंत होती, आणि गल्लीला ते ठाऊक होतं.

परत गल्लीत गेलो, मुद्दाम हातात भाजीची पिशवी घेऊन. म्हातारीनं मला पाहिलं आणि काही न विचारता आत वळली. तिथंच मला काय ते कळलं.

ओट्यावर बसलो. "माय, पोरगी तुमच्याकडेच आहे ना?"

"तुमी तिले सासरी नेऊन देसान का?"

"ती सज्ञान आहे. तिची इच्छा नसेल तर कुणी नेऊ शकत नाही. मीही नाही."

म्हातारीनं आत हाक मारली. सून बाहेर आली. एक डोळा सुजून मिटलेला. "मले तिकडे धाडू नका जी," एवढंच म्हणाली.

महिला शिपायानं जबाब घेतला, वैद्यकीय तपासणी झाली, नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. सासरा येऊन मला बदलीची धमकी देऊन गेला. संध्याकाळी तिचा भाऊ आला आणि ती माहेरी गेली. एसटी स्टँडवर अख्खी गल्ली तिला पोहोचवायला आली होती. तेव्हा मात्र सगळ्यांना सगळं मालूम होतं.

लोक काय बोलतात ते ऐकायला खात्यानं शिकवलं. बोलकं गाव तोंड कधी मिटतं, ते पवनीनं शिकवलं.

आता पुण्यात मुलाकडे असतो, नवव्या मजल्यावर. समोरच्या शेजाऱ्यांचं नाव दारावरच्या पाटीवरून कळलं. मध्यंतरी आठवडाभर तापानं पडून होतो, मजल्यावर कुणाला पत्ता नाही. पवनीची फार आठवण येते. उद्या माझ्यावर वेळ आली, तर माझ्यासाठी पोलिसांशी खोटं बोलणारं इथं कोण आहे?

रोज भाजी घेऊन लिफ्टमध्ये शिरतो. पिशवीत काय आहे, कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. वांगी आहेत.